ओल्या पोत्यावरची पिल्लं

आमच्या घरची कुत्री भुंकत नसत. लहानपणी मी हे कुणाला सांगितलं की समोरच्याला वाटायचं, ही थापा मारतेय. शाळेतली एक मैत्रीण तर खात्री करून घ्यायला मुद्दाम आमच्या वस्तीवर आली होती. ती अंगणात शिरली तशी दोन उंच, काटकुळी, भुरकट कुत्री उठून उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं, तोंड फिरवलं आणि परत बसली. मैत्रिणीनं विचारलं, आजारी आहेत का गं? मला असा राग आला की तिच्यासाठी काढून ठेवलेल्या चिंचा मी तिला दिल्याच नाहीत.

ती कारवानी जातीची कुत्री होती. कारवानी म्हणजे सशामागं पळणारं कुत्रं. जमिनीला नाक लावून वास घेत फिरणं त्याच्या स्वभावात नाही. ते डोळ्यानं बघतं आणि सुटतं. दादा, म्हणजे माझे वडील, तरुणपणापासून हीच कुत्री पाळत आले होते आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील. राहाता तालुक्यात, कालव्याच्या अगदी शेवटाला आमची वस्ती. पाणी आमच्यापर्यंत येता येता दमून जायचं, त्यामुळे तेव्हा आमच्याकडे ऊस नव्हता. ज्वारी, हरभरा आणि त्याच्या पलीकडे नजर पुरेल तिथवर माळ. शिकारीला बंदी होती, पण ती माळावर पोचायला बराच काळ गेला. मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला दादांनी ससा मारणं सोडलं ते कायमचं. कुत्री मात्र सोडली नाहीत. हरभरा निघाला की मोकळ्या रानात ते त्यांना नुसतंच पळवत आणि बांधावर बसून बघत राहत. आई म्हणायची, एवढं टक लावून माझ्याकडं कधी बघितलं नाही या माणसानं.

दादा मुळातच कमी बोलणारे. पण कुत्र्याची पारख हा विषय निघाला की त्यांची जीभ सैल सुटायची. त्यांच्या मांडीशी बसून मी ती सगळी पारख शिकले, म्हणजे शिकावीच लागली. तोंड निमुळतं हवं, कपाळ अरुंद, डोळे मोठे. छाती पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उतरलेली आणि पोट इतकं वर ओढलेलं की नवख्याला वाटावं, यांनी कुत्र्याला उपाशी ठेवलंय. कमरेच्या दोन हाडांमध्ये दादांची चार बोटं आडवी बसली पाहिजेत. कातडी पातळ, चिमटीत धरली तर जुन्या लुगड्यासारखी हाताशी यावी. तोंड उघडून बघितलं तर टाळू काळी. परक्यानं अंगावर हात ठेवला तर कुत्र्यानं चावू नये, पण बाजूला मात्र सरकावं, कारण कुणालाही गोंडा घोळणारं कुत्रं दादांच्या हिशेबी कुत्रंच नव्हतं. आणि हे सगळं असूनही एक गोष्ट नसली तर बाकीचं फुकट. ती म्हणजे गप्प राहणं. दादा म्हणत, भुंकण्यात कुत्र्याचा दम जातो आणि सशाला खबर लागते.

त्यासाठी त्यांची एक रीत होती. ती त्यांना वडिलांकडून आली होती. पिल्लं महिन्याची झाली, चालायला लागली की एका पहाटे ते कुत्रीला विहिरीपलीकडे नेऊन बांधत. मग एक पोतं पाण्यात बुडवून, पिळून, खळ्याच्या मधोमध अंथरत आणि त्यावर सगळी पिल्लं ठेवत. आणि स्वतः लांब जाऊन बसत. ओलं पोतं, पहाटेचा गारवा, जवळ आई नाही. पिल्लं कुडकुडायला लागत. जे पहिलं केकाटेल ते दादा उचलून बाजूला ठेवत. मग दुसरं. मग तिसरं. शेवटी जे राहील, किंवा आवाज न करता उठून पोत्याखाली उतरेल आणि आपल्या पायानं चालायला लागेल, ते आमचं. बाकीची देऊन टाकायची.

मला ते बघवायचं नाही. बाजूला काढलेली पिल्लं मी परकराच्या ओच्यात घेऊन चुलीजवळ बसायचे. ती गरम झाली की झोपून जायची, तीही तोंडानं कूं कूं करत. आईला दादांची ही परीक्षा मुळीच पटायची नाही. ती घरातूनच ओरडायची की लेकरानं थंडीत रडायचं नाही तर काय गाणं म्हणायचं. आईचा आवाज असा की ती वस्तीवर बोलली की कालव्यावरच्या माणसाला कळावं आज आमच्याकडे काय शिजतंय. तो आवाज मला आला. दुपारी दादांना जेवायला बोलवायचं असलं की ते काम माझं. मी अंगणाच्या कडेला उभी राहून हाक मारायचे, "ओ दादा, जेवायला," आणि चार शेतांपलीकडे दादा खुरपं ठेवून उठायचे. एकदा आईनं त्यांना विचारलं, निदान एक तरी भुंकणारं कुत्रं ठेवा, रात्री-अपरात्री कुणी आलं तर कळेल. दादा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आरडायला तुमी दोघी हाय की घरात." आई रुसून बसली नाही. ती हसली, आणि तिचं ते हसणंसुद्धा कालव्यापर्यंत गेलं असेल.

बाजूला काढलेली पिल्लं न्यायला लोक येत. श्रीरामपूर, पार अकोल्याकडून माणसं यायची, कारण आमची नाकारलेली पिल्लंसुद्धा बाकीच्यांच्या मानानं देखणी असत. ती त्यांच्या अंगणात मोठी होत आणि छान भुंकत. आज विचार करते तेव्हा मनात येतं की आमच्या कुत्र्यांचा होता नव्हता तेवढा आवाज आम्ही लोकांना वाटून टाकला. आमच्याकडे उरला तो पिढ्यान्‌पिढ्यांचा गप्पपणा. दादांना त्याचा अभिमान होता. मला तेव्हाही दादांचा राग यायचा आणि अजूनही येतो, पण हेही खरं की हरभऱ्याच्या मोकळ्या रानात त्यांची दोन कुत्री मुकाट सुटायची तेव्हा मीही बांधावर दादांशेजारी जाऊन बसायचे. पाय जमिनीला लागतात की नाही कळायचं नाही. नुसता मातीचा धुरळा उठायचा आणि तो खाली बसेतो ती दूरवर पोचलेली असायची.

पुढे बोअर झाली, शेततळी आली, आणि आमच्या भागातही ऊस आला. माळ गेला. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस उभा राहिला, आणि त्या उसात बिबटे राहायला आले. आता हे आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. उसातच बिबट्याची मादी विते, उसातच तिची पिल्लं मोठी होतात. त्यांना डोंगर माहीत नसतो. तोड चालू झाली की ती एका फडातून दुसऱ्या फडात जातात. दिवस मावळला की लोक शेळ्या आत घेतात, पोरांना अंगणात थांबू देत नाहीत. वनखात्याचे लोक पिंजरा लावून जातात. बिबट्याला माणसापेक्षा कुत्रं आवडतं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आई गेली तेव्हा मी लग्न होऊन श्रीरामपुरात होते, तिथंच शाळेत शिकवत होते. मी एकुलती. दादा वस्तीवर एकटे राहिले. शेजारच्या वस्तीवर माझा चुलतभाऊ, दोघांच्या मध्ये उसाचा एक फड. मी दर रविवारी स्कूटर घेऊन जायचे आणि दर रविवारी तोच वाद घालायचे. दादा, माझ्याकडे चला. ते म्हणत, कुत्र्यांचं काय? मी म्हणे, कुत्र्यांना घेऊन चला. ते माझ्या दोन खोल्या आणि गॅलरी आठवून हसत. त्यांना काय झालं, पाय घसरला, साप चावला, बिबट्या आला, तर मला कोण कळवणार, ही भीती माझ्या पोटात कायमची घर करून बसली होती. चुलतभावाची गावठी कुत्री पान हललं तरी गोंधळ घालत. त्यांच्या भुंकण्यावर सगळी भावकी काठ्या, बॅटऱ्या घेऊन बाहेर येई. आमच्या दादांच्या दारात मात्र दोन देखण्या मुक्या मूर्ती.

पहिला गेला तो तांबडा. दिवेलागणीला अंगणात होता, दादा हात धुऊन बाहेर आले तर नाही. चुलतभावाची कुत्री त्याच संध्याकाळी बिबट्यावर तुटून भुंकली आणि पडवीत शिरली, म्हणून ती जिवंत राहिली. आमचा तांबडा बहुतेक त्याच्या अंगावरच गेला असणार. न भुंकता, जसा सशावर जायचा तसाच. मग राहिली एकटी भुरी. ती तेव्हा गाभण होती, त्याच तांबड्यापासून. आमच्या घरातली तेवढी शेवटची.

मी नगरहून तिच्यासाठी खिळ्यांचा पट्टा आणला. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात बांधतात तसा, बाहेरून टोकदार खिळे असलेला, म्हणजे बिबट्याला मान धरता येत नाही. दादांनी तो तिच्या गळ्यात बांधला. भुरीनं मान खाली घातली, डोकं मागे ओढलं, आणि पट्टा दादांच्या हातात. एक भोक आवळलं, तरी तेच. आणखी आवळलं तर तिचा घसा दाबला जायला लागला. कारवानीची मान डोक्यापेक्षा जाड असते. डोकं इतकं निमुळतं की पट्टा अडकायला जागाच नाही. मी लहान असताना दादा त्या डोक्यावरून बोटं फिरवत आणि म्हणत, बघ, बाटलीत जाईल असं तोंड आहे. त्या दिवशी मात्र ते पट्टा हातात धरून नुसते बघत राहिले. शेवटी जमेल तितका आवळून बांधला आणि म्हणाले, सवय होईल तिला.

भुरीला चार पिल्लं झाली. ती महिन्याची होत आली असतील. एका सकाळी मी शाळेत निघाले होते, तेवढ्यात दादांचा फोन आला. एवढंच बोलले की भुरी गेली. मी शाळेत कळवलं आणि तशीच वस्तीवर गेले. दादा अंगणातल्या बाजेवर बसले होते. त्यांच्या हातात तो पट्टा होता, बक्कल लावलेलंच होतं. उसाच्या कडेला सापडला म्हणे. आदल्या संध्याकाळी दादा त्याच बाजेवर बसून विळ्याला धार लावत होते. भुरी पिल्लांना पाजून गोठ्यातून उठली आणि त्यांच्या समोरून बाहेर गेली. ते धार लावत राहिले. थोड्या वेळानं पिल्लं ओरडायला लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती परत आलेली नाही. फड घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्या तोंडात बरंच काही आलं होतं आणि माझी जीभ काही दादांसारखी नाही. पण त्यांनीच आधी तोंड उघडलं.

"एकदा जरी केकाटली आसती, तर काठी घिऊन गेलो आसतो," ते म्हणाले. मग बराच वेळ पट्ट्याचे खिळे चाचपत राहिले. "तिला केकाटायला येतच न्हवतं पोरी. आमी ठिवलंच न्हाई."

मी रडले. मोठ्यानं, आईसारखी. दादा रडले नाहीत, ते उठले आणि पिल्लांना गाईचं दूध कोमट करायला गेले. मी आत गेले तर त्यांनी कापसाची वात दुधात बुडवून एकेका पिल्लाच्या तोंडात धरली होती.

भुरी गेल्याची बातमी पसरली तशी माणसं यायला लागली. दादांची मुकी कारवानी आता संपणार, मागं चार पिल्लं आहेत, हे सगळीकडे झालं होतं. त्यातले काही शर्यतीवाले होते, ज्यांना दादा एरवी दारात उभं करत नसत, कारण ते वेगासाठी कारवानीत परदेशी जात मिसळतात. दादांनी सगळ्यांना चहा दिला आणि रविवारी यायला सांगितलं. रविवारी पहाटे मी तिथं होते. त्यांनी पोतं भिजवलं, पिळलं, खळ्यावर अंथरलं. या वेळी विहिरीपलीकडे बांधायला पिल्लांची आई नव्हती. चारही पिल्लं त्यांनी पोत्यावर ठेवली आणि नेहमीसारखे लांब जाऊन बसले. मी मनात म्हटलं, इतकं होऊनही या माणसाला अक्कल येत नाही.

पहिल्यांदा एक काळपट, कानांनी वेडंवाकडं पिल्लू केकाटलं. साधं केकाटलं नाही, तर आकाश डोक्यावर घेतलं. दादा उठले. मला वाटलं, आता ते याला बाजूला ठेवणार. त्यांनी त्याला उचललं, खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळलं आणि पोटाशी धरलं. ते टॉवेलातूनही ओरडतच होतं. बाकीची तीन पिल्लं पोत्यावर बसली होती. त्यातलं एक भुऱ्या रंगाचं, भुरीचं जणू दुसरं रूपच, कसलाही आवाज न करता उठलं, पोत्याखाली उतरलं आणि सरळ आमच्याकडे चालत आलं. दादांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या पारखीत इतकं पुरं पिल्लू क्वचितच आलं असेल, हे मलाही कळत होतं.

"त्ये बी दिऊन टाक," ते म्हणाले. "आता मला आवाजाचं पायजे."

दुपारपर्यंत तिन्ही पिल्लं गेली. भुरं पिल्लू नेणारा इतका खूश झाला की दादांच्या पाया पडला. दादा त्याच्याकडे बघत नव्हते. ते टॉवेलातल्या पिल्लाच्या कमरेवर सवयीनं बोटं ठेवत होते. मोठं झाल्यावरही चार बोटं काही तिथं बसणार नव्हती.

त्या कुत्र्याला त्यांनी नाव ठेवलं नाही. आमच्याकडे नावं अशी नसतच, रंगावरूनच हाक मारायची. याचा रंग धड काळा नाही, धड राखाडी नाही, म्हणून दादा त्याला नुसतं 'ए' म्हणत. तो वाढला तसा त्याचा आवाजही वाढला. लाइनमनवर भुंके, दूधवाल्यावर भुंके, विमानावर भुंके. आणि दिवेलागणीला उसात काही हललं तर असा भुंके की चुलतभावाची कुत्री लाजून गप्प बसत. दादा त्याला अंधार पडायच्या आत घरात घेत आणि दार लावून घेत. सगळं आयुष्य कुत्र्याला डोळ्यानं ओळखलेला माणूस म्हातारपणी कानानं ओळखायला शिकला. हा सापावरचा आवाज, हा माणसावरचा, हा 'त्याच्या'वरचा, असं मला समजावून सांगे. फोन केला की दादा दोन वाक्यं बोलत आणि बाकीचं सगळं कुत्रं बोले. मी श्रीरामपुरात ते भुंकणं ऐकायचे आणि फोन ठेवून निवांत झोपायचे. ती माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षं होती, हे तेव्हाच मला कळत होतं.

गेल्या थंडीत एका सकाळी दादा पाण्याची मोटार चालू करायला गेले आणि मोटारीच्या खोलीपाशी पडले. पक्षाघाताचा झटका आला होता, उजवी बाजू गेली. चुलतभाऊ सांगतो, कुत्रं आधी खोलीपाशी भुंकत होतं, मग पळत बांधावर आलं, परत गेलं, परत आलं. त्याला वाटलं, बिबट्या दिवसाढवळ्या बाहेर पडला. म्हणून तो एकटा आला नाही, चौघांना घेऊन आला, आणि म्हणूनच दादांना उचलता आलं. त्या बाजूला दुपारपर्यंत कुणी फिरकत नाही. भुरी असती तर ती त्यांच्या उशाशी बसून राहिली असती, सुंदर मान ताठ करून. कुणालाही कळलं नसतं.

तालुक्याच्या दवाखान्यातून त्यांना नगरला हलवलं. तिथं ते काही दिवस होते. त्यांचा डावा हात चालत होता आणि मी तो धरून बसायचे. माणूस जाणार हे डॉक्टरांनी मला आडून सांगितलं होतं. ते बोलत, पण शब्द अर्धे ओठातच राहत. एकदा दुपारी त्यांनी माझा हात दाबला. मी कान जवळ नेला.

"आरडतंय का?" त्यांनी विचारलं.

चुलतभावानं सकाळीच फोनवर सांगितलं होतं की कुत्रं सारखं भुंकतंय, कुणाला झोपू देत नाही. मी म्हटलं, "लई आरडतंय दादा."

"गप करू नका त्येला," ते म्हणाले. मग डोळे मिटून आणखी काहीतरी पुटपुटले, त्यातला फक्त 'आवाज' एवढाच शब्द मला कळला. नंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांना वस्तीवर आणलं तेव्हा कुत्रं अंगणातच होतं. ते ॲम्ब्युलन्सपर्यंत आलं, स्ट्रेचरवरच्या चादरीला नाक लावलं आणि बाजूला जाऊन बसलं. इतकी माणसं आली, गाड्या आल्या, बायका रडल्या. परका माणूस दारात दिसला की आकाश डोक्यावर घेणारं ते कुत्रं कुणावरही भुंकलं नाही. मला वाटलं, गोंधळलंय. दहावं झालं, तेरावं झालं, तरी ते गप्प. चुलतभावाकडे ते खाईना, म्हणून मी त्याला श्रीरामपूरला आणलं. माझ्या गॅलरीत ते उभं राहतं आणि रस्त्याकडे बघतं. खाली फटाके वाजतात, लग्नाची वरात जाते, रिक्षावाले भांडतात. त्याचा आवाज निघत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, घशाला काही नाही, होईल हळूहळू. मी त्याला चिडवून बघितलं, ताटली वाजवून बघितली, एकदा तर स्वतःच त्याच्यासमोर बसून भुंकून बघितलं. नवरा म्हणाला, आता शेजारी आपल्याला जागा सोडायला लावतील. मी हसले आणि मग मला रडू आवरलं नाही. दादांनी जाताना एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती माझ्या हातून होत नव्हती.

मध्यंतरी एक गृहस्थ घरी आले. कारवानीचे शौकीन. दादांचं शेवटचं कुत्रं माझ्याकडे आहे हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. त्यांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा थोडा पडला. रंग बरोबर नाही म्हणाले, कंबर थोडी जाड आहे. मग त्याच्याजवळ हात नेला, कुत्रं बाजूला सरकलं, त्यावर त्यांनी मान डोलावली. खाली रस्त्यावर एक बेवारशी कुत्रं जोरात भुंकत होतं. आमच्यानं कानसुद्धा हलवला नाही. गृहस्थ खूश झाले. म्हणाले, रंगरूप काही असू दे, गुण उतरलाय, तुमच्या वडिलांची खरी मुकी जात आहे ही, मला याच्यापासून पिल्लं घ्यायची आहेत.

"हा मुका नव्हता," मी म्हटलं. "आमचे दादा होते तोवर भुंकत होता."

त्यांना वाटलं, मी देत नाही म्हणून काहीतरी बोलतेय. मी त्यांना चहा दिला. ते दारातून पुन्हा वळून कुत्र्याकडे बघत होते, जसे दादा बघत, आणि मला त्यांचा राग येईना.

परवा रविवारी मी कुत्र्याला घेऊन वस्तीवर गेले. चुलतभाऊ आता आमचंही रान बघतो, पण घर बंद आहे. दोरी सोडली तसा तो सरळ मोटारीच्या खोलीकडे गेला. मीही मागं गेले. दादा पडले होते त्या जागी गवत उगवलंय. तो तिथं उभा राहिला, मान वर, कान मागे, नजर उसाच्या फडावर. त्या क्षणी तो इतका देखणा दिसत होता की दादांनी पारख करताना चूक केली असं कुणी म्हटलं नसतं. त्याचं तोंड किंचित उघडलं. मी वाट बघितली. आवाज आला नाही. वारा नव्हता, मोटार बंद होती, शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बाया खाली वाकून आपल्या कामात होत्या. इतकी शांतता मला सहन होईना. कुणीतरी आवाज करायला हवा होता आणि आता घरात आरडायला मी एकटीच उरले होते.

"ओ दादा," मी हाक मारली. पोटातून, आईच्या आवाजात. "ओ दादा, जेवायला."

खुरपणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. कुत्र्यानं वळून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा फडाकडे वळून, कान पुढे करून, बराच वेळ ऐकत राहिला. मीही ऐकत राहिले. उसातून कुणी आलं नाही. मी त्याच्या गळ्यात दोरी घातली, आणि आम्ही दोघं परत निघालो.